तळ्याकाठी आणि जुन्या बागांतून सावकाश फिरण्याजोग्या जागा : ज्येष्ठांना घेऊन मराठवाड्यात कुठे जावे?

प्रश्न : पूर्णाकाठ (परभणी)

सर्वांना नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आई-वडिलांना घेऊन तीन-चार दिवस मराठवाड्यातच कुठेतरी फिरून यावे, असा विचार आहे. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले असून त्यांच्या नोकरीचा बराच काळ जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर गेला, त्यामुळे धरण, तलाव, नहर, जुना हौद असे काहीही दिसले की ते तेथून लवकर हलत नाहीत. आईच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. ती सपाट जमिनीवर व्यवस्थित चालते, पण पायऱ्या, त्यातही उतरतानाच्या, तिला त्रासदायक होतात. दर्शनाच्या रांगांचा दोघांनाही आता कंटाळा आला आहे, आणि वेरूळ-अजिंठा त्यांनी पूर्वीच निवांतपणे पाहिलेले आहे.

आम्हाला एखादे तळे किंवा जलाशय आणि त्याच्या काठाने जाणारी सपाट वाट, किंवा थोडा इतिहास असलेली जुनी बाग हवी आहे. एका वेळी दीड-दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालणे नको, मध्ये बसायला जागा असावी, सावली असावी आणि जवळ स्वच्छतागृह असावे. मुक्काम छत्रपती संभाजीनगरला करण्याची तयारी आहे. जाताना रेल्वेने जावे आणि तेथे गाडी ठरवावी असे मनात आहे. ज्यांनी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना अशा ठिकाणी नेलेले आहे त्यांनी प्रत्यक्ष परिस्थिती सांगितली तर उपकार होतील.

उत्तर : खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

आपण अंतर लिहिले आहे, परंतु गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसासाठी अंतरापेक्षा पायाखालची जमीन, पायऱ्यांची संख्या आणि टेकायला मिळणारी जागा यांवरच सगळे अवलंबून असते. फरसबंदीच्या वाटेवरून दोन किलोमीटर चालणारी व्यक्ती ढेकळांच्या बांधावर दोनशे मीटरमध्ये थकते. म्हणून मी ठिकाणे त्याच क्रमाने सांगतो.

पहिले नाव बीबी का मकबऱ्याचे घेतो. आपल्याकडे लोक मकबरा 'पाहायला' जातात, म्हणजे सरळ मधल्या वाटेने चौथऱ्यापर्यंत जातात, छायाचित्र काढतात आणि परत फिरतात. तेथील बागेत फिरायला फारच थोडे लोक जातात, आणि आपल्याला नेमके तेच करायचे आहे. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम 1657 मध्ये मरण पावली आणि तिच्या स्मरणार्थ ही वास्तू उभी राहिली. तिचे श्रेय साधारणपणे मुलगा आझमशहा याला दिले जाते. कबरीभोवतीचे आवार दक्षिणोत्तर सुमारे 458 मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे 275 मीटर आहे, आणि मकबरा त्याच्या मधोमध आहे. म्हणजे दक्षिणेच्या प्रवेशद्वारापासून चौथऱ्यापर्यंतची वाट दोनशे मीटरच्या आसपास भरते, आणि तटाच्या आतून पूर्ण फेरी मारली तर दीड किलोमीटरच्या जवळपास चालणे होते. आपण मागितलेले अंतर त्यात बरोबर बसते, आणि वाट जवळजवळ सपाट आहे.

मधल्या वाटेच्या बरोबरीने लांबट हौद आणि कारंज्यांची ओळ आहे. मुघल चारबागेची मांडणी, म्हणजे वाटांनी आणि पाण्याने चौकोनांत विभागलेली बाग, येथे जितकी स्पष्ट दिसते तितकी मराठवाड्यात दुसरीकडे दिसत नाही. चौथऱ्यावर जायला मात्र पायऱ्या आहेत. आईंनी खाली बागेतच बसावे आणि वडिलांनी वर जाऊन यावे. खालून दिसणारी इमारतच अधिक देखणी आहे, असे माझे मत आहे. प्रवेशद्वारावरील लेखात वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय अशी दोन्ही नावे आहेत. अभियंत्याचे नाव दारावर कोरलेले पाहून पाटबंधारे खात्यातील माणसाला नक्कीच बरे वाटेल. एक सूचना अशी की सकाळी लवकर जावे, कारण बागेत हिरवळ पुष्कळ असली तरी दाट सावलीची झाडे कडेला आहेत, आणि डिसेंबरमध्येसुद्धा अकरानंतर फरशी आणि पांढरी भिंत डोळ्यांवर येते.

दुसरी जागा पाणचक्कीची. येथे चालणे अगदी थोडे, पण बसणे मनसोक्त. बाबा शहा मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, खाम नदीच्या काठावर हे अठराव्या शतकातील काम आहे. शहराच्या उत्तरेकडील डोंगरांतून मातीच्या नळांनी पाणी काही किलोमीटर आणले, ते उंच भिंतीच्या माथ्यावर चढवले आणि तेथून खाली हौदात सोडले. त्या पाण्याच्या जोरावर पाते फिरून दगडी जाते चालत असे आणि फकीर-मुसाफिरांसाठी दळण निघत असे. समोरच्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे, आणि ते दालन जाड खांबांवर तोललेले आहे. वडिलांना ही गोष्ट आधी सांगू नका. हौद पाहून झाल्यावर खाली न्या. आईंसाठी हौदाकाठी मोठ्या वडाखाली बसायला जागा आहे.

तिसरी जागा हिमायतबाग आणि तिच्या समोरचे सलीम अली सरोवर, दोन्ही दिल्ली दरवाजाच्या उत्तरेला. हिमायतबाग मुघलकालीन असली तरी तेथे कारंजी आणि ताटवे शोधू नयेत, कारण आता ते परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. आपण परभणीचे, तेव्हा विद्यापीठाविषयी मी आपल्याला काय सांगणार! चिंचेच्या 'प्रतिष्ठान' आणि 'शिवाई' या जाती याच केंद्राने दिलेल्या आहेत. आंब्याच्या आणि चिंचेच्या जुन्या झाडांमधून जाणारे कच्चे रस्ते सावलीचे आणि सपाट आहेत, मात्र आत शिरण्यापूर्वी फाटकावर विचारावे; ती शेतकी संस्था आहे, सार्वजनिक उद्यान नव्हे, हे लक्षात ठेवून वागले की कोणी अडवत नाही.

सलीम अली सरोवराचे जुने नाव खिजरी तलाव. पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचे नाव त्याला दिलेले आहे आणि ते शोभतेही, कारण 1931-32 च्या सुमारास त्यांनी तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली होती आणि आपला मराठवाडा त्या संस्थानातच होता. पाणकणसाच्या दाटीमुळे जांभळी पाणकोंबडी, वारकरी, टिबुकली आणि कमळपक्षी काठावरूनच दिसतात. आतल्या बागेत प्रवेश कधी सुरू असतो, कधी बंद. म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी आणि बंद असल्यास रस्त्याच्या बाजूने पाहून पुढे जावे.

उत्तर : दरवाजांचा दादा (छत्रपती संभाजीनगर)

खामकाठ यांनी ठिकाणे योग्य सांगितली आहेत, परंतु क्रम मी बदलेन. आधी पाणचक्की आणि मग मकबरा पाहावा. याचे कारण असे की या शहरातील कोणतीही जुनी बाग समजून घ्यायची असेल तर तिला पाणी कोठून मिळाले हे आधी कळले पाहिजे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचे हे शहर, वसवली तेव्हा येथे भरवशाची मोठी नदी नव्हती. खाम ही तेव्हाही पावसाळी नदीच होती. त्याने उत्तरेच्या डोंगरपायथ्यातून जमिनीखाली बोगदा खोदून, झिरपणारे पाणी गोळा करून, केवळ उताराच्या आधारे गावापर्यंत आणले. त्यालाच नहर-ए-अंबरी म्हणतात. पुढे त्याच तत्त्वावर आणखी नहरी झाल्या, पाणचक्कीची नहर त्यांपैकीच एक. मुघलांच्या बागा, हौद आणि हमामखाने या नहरींमुळे शक्य झाले. पाणचक्कीत हे तंत्र उघड्या डोळ्यांनी दिसते, त्यामुळे तेथून मकबऱ्यात गेलेला माणूस कोरड्या कारंज्यांकडेही वेगळ्या नजरेने पाहतो.

आणखी एक. हिमायतबागेचा रस्ता पाऊस झाल्यानंतर चार-पाच दिवस टाळावा. काळी माती बुटाला चिकटली की निरोगी माणसाचाही पाय घसरतो, मग गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या काकूंची गोष्टच नको. डिसेंबरात अवकाळी पाऊस आपल्याकडे नवा राहिलेला नाही.

हर्सूल तलावाचे नाव कोणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. जटवाडा रस्त्याने तेथे जाता येते, संध्याकाळी पाण्यावरचे दृश्य सुरेख असते, पण काठाने सलग चालावे अशी वाट नाही आणि बांधाची जमीन उंचसखल आहे. गाडीतून उतरून पंधरा मिनिटे उभे राहण्यापुरते ते ठीक आहे.

उत्तर : नाथाचा शेजारी (पैठण)

वडिलांची नोकरी डाव्या कालव्यावर झाली असेल तर त्यांना पैठणला आणल्याशिवाय ही सहल पूर्ण कशी होईल? 208 किलोमीटर लांबीचा तो कालवा येथूनच निघतो आणि आपल्या परभणी जिल्ह्यातील शेतांपर्यंत जातो. लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते 1965 मध्ये पायाभरणी झाली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

आता प्रत्यक्ष चालण्याविषयी. धरणाची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब आहे, तिच्यावर परवानगीशिवाय फिरता येत नाही, आणि सुरक्षेच्या कारणाने ते योग्यच आहे. निवृत्त अधिकाऱ्याने आपल्या जुन्या खात्याकडे रीतसर विनंती केली तर गोष्ट वेगळी. धरणाच्या खालच्या अंगाला संत ज्ञानेश्वर उद्यान आहे. म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर ते उभारले गेले, आणि एके काळी येथील कारंजी पाहायला नगर-बीडपासून लोक बस भरून येत असत. नंतर बरीच वर्षे उद्यानाची आबाळ झाली आणि दुरुस्तीची कामे टप्प्याटप्प्याने होत आली. त्यामुळे रंगीत कारंज्यांची अपेक्षा ठेवून येऊ नये. मोठी झाडे, रुंद वाटा आणि गर्दी नसलेली दुपार एवढे मनात धरून आलात तर निराश होणार नाही. निघण्यापूर्वी उद्यान उघडे आहे का हे पैठणमध्ये कोणाला तरी विचारून घ्यावे.

खरी मौज नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या, फुगवट्याच्या काठाला आहे. जलाशय साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात पसरलेला, पण त्या मानाने उथळ आहे. उथळ असल्यामुळेच पाणी थोडे उतरले तरी काठाची मैलभर जमीन उघडी पडते आणि तेथे पक्षी उतरतात. 1986 पासून हे पक्षी अभयारण्य आहे. डिसेंबर-जानेवारीत पट्टकदंब, चक्रवाक, थापट्या, चित्रबलाक असे पुष्कळ काही दिसते. रोहित पक्षी पाण्याच्या पातळीप्रमाणे कधी लवकर, कधी उशिरा येतात. पिंपळवाडीच्या बाजूने गाडी काठाजवळ नेता येते. तेथून पुढे चालणे मात्र गावच्या गाडीवाटेवरूनच करावे. पाणी मागे सरकल्यावर गाळपेराची जी जमीन दिसते ती वरून वाळलेली आणि आतून चिबड असते. फोटोच्या नादात आत गेलेली माणसे पोटरीपर्यंत रुततात. शिवाय त्या जमिनीत लोकांचा हरभरा आणि गहू असतो.

सावली काठावर नाहीच. टोपी, पाणी आणि घडीची खुर्ची सोबत असावी. आईंना खुर्चीवर बसवून दुर्बीण हातात दिली की त्या आपल्यापेक्षा जास्त पक्षी पाहतील, कारण पक्षी स्थिर बसलेल्या माणसाजवळ येतात. स्वच्छतागृहाची सोय काठावर नसल्यामुळे पैठण गावातच ती गरज उरकून निघावे. जेवणानंतर वेळ उरला तर पैठणी विणताना पाहता येते. ते काम बसून पाहायचे असल्यामुळे गुडघ्याला त्याचा काहीच त्रास नाही, खिशाला होईल तेवढाच.

उत्तर : मोसंबीबाग (जालना)

आपण रेल्वेने येणार आहात आणि परभणीहून येणारी गाडी जालन्यावरूनच जाते, म्हणून जालन्यात अर्धा दिवस उतरण्याचा विचार करावा. येथील मोती तलाव आणि त्याच्या लगतची मोतीबाग ही जोडी आपल्या प्रश्नाला शब्दशः लागू पडते. तलाव जमशेदखानाच्या नावाशी जोडलेला आहे. त्याने तलाव बांधून थांबण्याऐवजी तेथून जमिनीखालच्या नळांनी आणि ठिकठिकाणच्या हौदांनी गावात पाणी खेळवले, असे जुने गॅझेटिअर सांगते. आज मोतीबाग हे नेहमीचे शहरी उद्यान आहे. सकाळी फिरायला येणारी ज्येष्ठ मंडळी भरपूर असतात, बाके आहेत, पक्क्या वाटा आहेत, आणि संध्याकाळी मुलांची गर्दी होते. इतिहासाच्या खुणा फारशा शिल्लक नाहीत. बांध आणि पाणी एवढेच पाहावे. येथून पुढे घाणेवाडी जलाशयही आहे, जेथून निजामकाळापासून केवळ उताराने जालन्याला पाणी येते, पण तेथे चालण्याची सोय नाही, त्यामुळे तो केवळ वडिलांसाठी.

उत्तर : बोरीकाठ (नळदुर्ग)

माझे उत्तर थोडे उलट्या दिशेचे आहे, कारण मी आपल्याला येथे येऊ नका असे सांगणार आहे, निदान या वेळी तरी. नळदुर्गाची शिफारस कोणीतरी नक्की करेल, आणि वर्णन ऐकून वडील हट्ट धरतील, म्हणून आधीच लिहितो. बोरी नदीवर किल्ला आणि समोरचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांना जोडणारा दगडी बंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला आहे, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधलेला आहे. पावसाळ्यात बंधारा भरून वाहू लागला की दोन सांडव्यांवरून नर आणि मादी हे धबधबे कोसळतात आणि मध्ये महालात बसलेल्या माणसाच्या समोरून पाण्याचा पडदा जातो. धरणावर आयुष्य घालवलेल्या माणसाने हे एकदा पाहिलेच पाहिजे. परंतु महालात उतरण्याच्या पायऱ्या अरुंद आणि उंच आहेत, पावसाळ्यात त्या ओल्या असतात, आणि डिसेंबरात धबधबे नसतात. म्हणजे आईंना जे जमणार नाही तेच येथे पाहण्यासारखे आहे, आणि जेव्हा आपण येणार तेव्हा तेही नाही. किल्ल्याच्या आतील मोकळ्या भागात सपाट फिरणे होऊ शकते, तरी संभाजीनगरहून एवढ्या लांब त्यासाठी येण्याचे कारण नाही. वडिलांना पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकट्याला पाठवावे.

उत्तर : मन्याडचा (कंधार)

आमच्या कंधारचाही उल्लेख असावा म्हणून थोडक्यात लिहितो. राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र हा येथील तलाव नावाप्रमाणेच मोठा आहे, आणि पाण्याने भरलेल्या खंदकाचा भुईकोट किल्ला जवळच आहे. भुईकोट असल्यामुळे चढण नाही, ही मोठी जमेची बाजू. किल्ल्यात गवत वाढलेले असते, म्हणून नीट दिसणाऱ्या मधल्या वाटेनेच जावे. परभणीहून नांदेडमार्गे एका दिवसात जाऊन येता येते. त्यामुळे या सहलीत न बसवता वेगळा रविवार ठेवावा. बीडकडे गेलात तर कंकाळेश्वराचे मंदिर पाण्याच्या मधोमध आहे आणि त्याच्यापर्यंतची वाट अगदी छोटी आहे, पण देवळे नकोत असे आपण म्हटलेच आहे.

पूर्णाकाठ (परभणी)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे घरी मोठ्याने वाचून दाखवली. हंसपत राय यांचे नाव ऐकून वडील ताबडतोब निघायला तयार झाले आहेत आणि नळदुर्गाचे उत्तर त्यांनी दोनदा वाचायला लावले. त्यामुळे ऑगस्टची सोय करावीच लागेल असे दिसते.

आता आराखडा असा आहे : पहिल्या दिवशी जालन्यात उतरून मोतीबाग आणि संध्याकाळी संभाजीनगरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी पाणचक्की, नंतर मकबरा, आणि दुपारच्या विश्रांतीनंतर सरोवर, तिसऱ्या दिवशी पैठण. चौथा दिवस मोकळा राहतो. खुलताबादला बनी बेगमची बाग म्हणून काही आहे असे वाचले होते. आईसाठी ती कशी आहे? आणि पाणचक्कीच्या खालच्या दालनात उतरायला पायऱ्या किती कठीण आहेत, हेही कोणी सांगावे.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

आराखडा चांगला आहे, फक्त दुसऱ्या दिवशी मकबरा आणि पाणचक्की सलग असल्यामुळे मध्ये चहाचा अर्धा तास ठेवावा. पाणचक्कीतील दालनात काकूंनी उतरू नये, एवढेच सांगतो. पायऱ्या थोड्या असल्या तरी प्रश्न उतरतानाचाच आहे, आणि आत पाहण्यासारखे जे आहे, म्हणजे डोक्यावर पाणी असलेले छत, ते वडिलांनी येऊन सांगितले तरी पुरते.

बनी बेगमची बाग खुलताबादमध्ये आहे आणि शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटर पडते. औरंगजेबाच्या घराण्यातील एका सुनेच्या नावाची ही बाग तटबंदीच्या आत आहे, कोपऱ्यांना आणि मध्ये बंगाली धाटणीच्या वक्र छपरांचे मंडप आहेत, हौदांच्या आणि कारंज्यांच्या खुणा आहेत. मकबऱ्यासारखी निगा येथे मिळणार नाही. फरसबंदी काही जागी उखडलेली आहे, तिकीट खिडकी आणि खाद्यपदार्थांच्या गाड्या यांचा गजबजाट नाही, आणि बऱ्याचदा आपण एकटेच असता. मला स्वतःला ती मकबऱ्यापेक्षा अधिक आवडते, पण ही आवड कोणावर लादू नये. काकूंना काठी घेऊन फिरण्याची सवय असेल तर जावे, नसेल तर दारापासून जवळच्या मंडपापर्यंत जाऊन बसावे. स्वच्छतागृहासाठी गावात थांबावे लागेल.

दरवाजांचा दादा (छत्रपती संभाजीनगर)

खुलताबादला जाताच आहात तर मलिक अंबराची कबर तेथेच आहे, हे विसरू नये. 1626 मध्ये तो वारला. नहर-ए-अंबरीचे पाणी पाहून आलेल्या माणसाने नहर काढणाऱ्याच्या कबरीपाशी पाच मिनिटे थांबावे, आणि वडील तर थांबतीलच. गाडी बरीच जवळ जाते. त्याच रस्त्याने पुढे म्हैसमाळला जाण्याचा मोह होईल; गाडीतून जाऊन येण्यास हरकत नाही, डिसेंबरात हवा छान असते, पण तेथे चालण्याची वाट डोंगरमाथ्यावरची आणि खडीची आहे.

खुलताबादच्या बाजूने दौलताबादचा किल्ला वाटेत लागतो. तेथे वरपर्यंत जाण्याचा प्रश्नच नाही, पण पहिल्या दरवाजातून आत गेल्यावर थोड्या अंतरावर हत्ती हौद आहे. तो कोरडा असला तरी त्याचा आकार पाहून वडील मनातल्या मनात घनमीटर काढू लागतील. काकूंना तेवढा वेळ बाहेर ऊसाचा रस आणि सावली मिळते. दौलताबादचा विचार केलात तर तो सकाळी पहिल्यांदा करावा आणि खुलताबाद नंतर, कारण किल्ल्याच्या दगडी वाटा दुपारी तापतात.

नाथाचा शेजारी (पैठण)

तिसऱ्या दिवसासाठी एवढेच सांगतो की संभाजीनगरहून सकाळी सहा-साडेसहाला निघावे, म्हणजे आठपर्यंत काठावर पोचता येते. थंडीत नऊनंतर वारा सुटला की पक्षी आत सरकतात. आधी काठ, मग पैठणमध्ये नाश्ता, आणि उद्यान सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा. वडिलांनी कालव्याच्या मुखाशी जाण्यासाठी परवानगी मागायची असेल तर अर्ज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच द्यावा; आवर्तन, म्हणजे कालव्यात पाणी सोडण्याची पाळी, सुरू असेल तर डावा कालवा भरून वाहताना दिसेल, आणि आवर्तनाच्या तारखा त्यांना जुन्या सहकाऱ्यांकडून सहज कळतील. त्या तारखा जुळत असतील तर पैठणचा दिवस पुढे-मागे करावा, बाकीचा आराखडा तसाच राहू द्यावा.